पुठ्ठ्यातून रेल्वे स्थानक: लघुरेल्वेच्या लेआउटसाठी पहिली इमारत

लघुरेल्वेचा, म्हणजे रुळांवर धावणाऱ्या छोट्या मॉडेल गाड्यांचा, छंद सुरू करणारे बहुतेक जण आधी इंजिन घेतात, मग डबे आणि रूळ जमवतात, आणि इमारतींचा विचार अगदी शेवटी करतात. तोवर खिसा बराच हलका झालेला असतो. शिवाय बाजारात मिळणारे तयार संच बहुतांशी युरोप-अमेरिकेच्या धर्तीचे असतात. जर्मन पद्धतीचे उंच छपराचे स्थानक कितीही सुबक असले, तरी त्याच्यासमोर भारतीय रेल्वेचा निळा डबा उभा केला की दोघेही एकमेकांना परके वाटतात. त्यामुळे आपल्या लेआउटवर, म्हणजे रूळ आणि इमारती मांडलेल्या फळीवर, आपल्याकडचे गाव दिसायला हवे असेल, तर इमारती स्वतः करण्याला पर्याय नाही. आणि सुदैवाने या कामाला लागणारे बरेचसे साहित्य जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

या लेखात एकच इमारत पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवली आहे: काळ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलांचे दुपाखी छप्पर आणि फलाटाच्या बाजूने पत्र्याची पडवी असलेले एकमजली छोटे स्थानक. हे कोणत्याही एका स्थानकाची प्रतिकृती नाही. जुन्या मार्गांवर दिसणाऱ्या अशा इमारतींचा तो साधा नमुना आहे. पहिल्याच कामासाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे वळण्याचा मोह अनेकांना होतो. ती वास्तू उभी राहायला १८७८ पासून दहा वर्षे लागली आणि तिचे मॉडेल करणाऱ्यालाही जवळपास तितकाच धीर लागतो, एवढे सांगून तो विषय येथेच सोडतो.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मॉडेल खरे वाटते ते बारीकसारीक तपशिलांच्या गर्दीमुळे नव्हे, तर मापे बरोबर असल्यामुळे आणि सावली योग्य जागी पडल्यामुळे. भिंतीची जाडी, खिडकीची खोली आणि वळचणीचा पुढे आलेला भाग नीट साधला, तर साध्या करड्या रंगातली इमारतही पाहणाऱ्याला पटते. ते साधले नाही, तर वर कितीही कुंड्या, बाके आणि माणसे मांडली तरी खोके ते खोकेच राहते.

प्रमाण ठरवणे

आपले रूळ ज्या प्रमाणाचे असतील त्याच प्रमाणाची इमारत करावी, हे उघड आहे. पण गोंधळ नेमका येथेच होतो. सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ प्रमाणात खरी वस्तू ८७ पटींनी लहान होते आणि रुळांतले अंतर १६.५ मि.मी. असते. ब्रिटिश उत्पादकांचे ओओ प्रमाण मात्र १:७६.२ असूनही त्याच १६.५ मि.मी.च्या रुळांवर धावते. त्यामुळे रूळ पाहून प्रमाण ओळखता येत नाही; इंजिनाच्या खोक्यावर काय लिहिले आहे ते पाहावे लागते. एकच इमारत ओओमध्ये एचओपेक्षा सुमारे १४ टक्के मोठी होते आणि हा फरक दारात उभ्या केलेल्या माणसावरून लगेच लक्षात येतो. फ्लॅटमध्ये जागेची चणचण असणाऱ्यांसाठी एन प्रमाण, म्हणजे १:१६०, सोयीचे असते, पण कापाकापी शिकण्यासाठी ते फार बारीक पडते. पुढची सर्व मापे एचओची आहेत. इतर प्रमाणांत काम करणाऱ्यांनी खरे माप मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला आपल्या प्रमाणाच्या आकड्याने भागावे.

आपल्याकडची आणखी एक अडचण अशी की भारतीय ब्रॉडगेज १६७६ मि.मी. रुंद आहे आणि एचओमध्ये तिचे माप १९.३ मि.मी. येते, तर बाजारातले रूळ १४३५ मि.मी.च्या युरोपीय गेजप्रमाणे १६.५ मि.मी.चे असतात. म्हणजे भारतीय गाडी चालवली तरी तिच्याखालचे रूळ किंचित अरुंदच दिसतात. बहुतेक छंदिष्ट ही तडजोड स्वीकारतात. इमारतीची मापे मात्र त्यासाठी बदलू नयेत. ती १:८७ नेच काढावीत.

मोजमाप

आवडलेले स्थानक पाहायला जाताना फलाट तिकीट काढावे, छायाचित्रे घेण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना विचारावे आणि कोणत्याही कारणासाठी रुळांवर उतरू नये. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, आणि जिवाचा धोका वेगळाच. टेप लावून सगळी इमारत मोजण्याची गरज नसते. भिंतीला टेकवून एक मीटर लांबीची काठी उभी करावी आणि भिंतीच्या अगदी समोरून, तिरकस न धरता, छायाचित्र घ्यावे. घरी आल्यावर त्या काठीच्या मापाने बाकी सर्व मापे काढता येतात. दगडी बांधकाम असेल तर आणखी सोपे: एका थराची उंची मोजावी आणि थर मोजत वर जावे.

काही मापे पाठ असलेली बरी. १.७० मीटर उंचीचा माणूस एचओमध्ये १९.५ मि.मी. होतो. आजच्या घरांतले २.१ मीटरचे दार २४ मि.मी. होते, जुन्या स्थानकांची दारे बहुधा याहून उंच असतात आणि २.४ मीटर धरली तर २७.६ मि.मी. येतात. पायरीची १५ सें.मी. उंची १.७ मि.मी. आणि एक मीटरचा कठडा ११.५ मि.मी. होतो. नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये पायऱ्या आणि कठडे हमखास मोठे होतात, कारण हाताला तेवढे बारीक कापण्याची सवय नसते.

आराखडा आणि कागदी चाचणी

आपले स्थानक १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरू. एचओमध्ये ते १३८ × ६९ मि.मी. होते. वळचणीपर्यंत भिंतीची उंची ३.६ मीटर, म्हणजे ४१.४ मि.मी. छपराचा उतार ३० अंशांचा धरला, तर निम्म्या रुंदीवर, म्हणजे ३ मीटरवर, आढे १.७३ मीटर वर जाते. मॉडेलमध्ये हे २० मि.मी. भरते. त्यामुळे आखूड बाजूच्या भिंतींची मधोमध उंची ६१.४ मि.मी. होईल. भिंतीबाहेर ६० सें.मी. वळचण धरून एका पाख्याची उताराच्या दिशेने लांबी ४.१६ मीटर, म्हणजे जवळपास ४८ मि.मी. येते, आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर छप्पर पुढे काढले तर त्याची एकूण लांबी १४९ मि.मी. होते.

हा आराखडा जाड कागदावर काढून, कापून, चिकटपट्टीने जोडून एक कच्चे खोके तयार करावे आणि ते लेआउटवर नेमलेल्या जागी ठेवावे. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच जण गाळतात, पण माझ्या मते साऱ्या कामातला सर्वांत फायद्याचा वेळ हाच असतो. इमारत डब्यांच्या मानाने फार मोठी दिसते का, तिच्यामुळे मागचे रूळ झाकले जातात का, हात घालून घसरलेला डबा उचलता येतो का, हे सारे कागदाच्या खोक्यावरच कळते. जागा कमी पडत असेल तर इमारतीची लांबी कमी करावी, उंची नव्हे. एक खिडकी कमी झालेली कोणाच्या लक्षात येत नाही. ठेंगणे झालेले दार मात्र लगेच डोळ्यांत खुपते.

याच वेळी आपल्याकडचा सर्वांत लांब डबा त्या खोक्याजवळून हळूहळू पुढे-मागे फिरवून पाहावा. सरळ मार्गावर काही अडत नाही, वळणावर मात्र डबा रुळांबाहेर किती झुकतो याचा अंदाज नवख्याला येत नाही. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीचा, डबा २१.३ मीटर लांब असतो, म्हणजे मॉडेलमध्ये २४५ मि.मी., आणि त्याच्या दोन बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या, केंद्रांतले अंतर १७० मि.मी. येते. ४५७ मि.मी. त्रिज्येच्या, म्हणजे १८ इंची वळणावर अशा डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला सुमारे ८ मि.मी. आणि दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला साधारण तितकीच सरकतात. म्हणून पहिली इमारत आणि तिचा फलाट सरळ मार्गालगतच ठेवावा.

साहित्य

भिंतींसाठी २ मि.मी. जाडीचा माउंट बोर्ड, म्हणजे कडक पुठ्ठा, छपरासाठी पातळ कार्डशीट, चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल, घडीची पाती असलेला कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, लहान गुण्या, बारीक पॉलिश पेपर, आणि ॲक्रिलिक रंगांच्या पाच-सहा बाटल्या, एवढ्यावर काम भागते. सनबोर्ड, म्हणजे फेसाळ प्लॅस्टिकचा हलका तक्ता, कापायला सोपा आणि ओलाव्याला दाद न देणारा असतो, पण त्याच्या कापलेल्या कडा सच्छिद्र दिसतात आणि त्या भराव्या लागतात. प्लॅस्टिकची स्टायरीन शीट सर्वांत सुबक काम देते. ती पहिल्या इमारतीसाठी न वापरता दुसरीसाठी राखून ठेवावी. कटरच्या पात्याच्या बाबतीत काटकसर करू नये. बोथट पाते पुठ्ठा कापत नाही, फाडते, आणि जास्त जोर लावावा लागल्याने बोटावर येते.

पुठ्ठ्याचा खरा शत्रू पावसाळा. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की एकाच बाजूने रंगवलेला पुठ्ठा हमखास वाकतो. त्यावर उपाय असा की भिंती कापून झाल्यावर, जोडण्यापूर्वी, त्यांना दोन्ही बाजूंनी आणि कडांना चपड्याचा, म्हणजे सुतार पॉलिशसाठी वापरतात त्या लाखेच्या द्रावणाचा, पातळ हात द्यावा. त्याने पुठ्ठा कडक होतो, पाणी पीत नाही आणि कसरही सहसा लागत नाही. फेव्हिकॉलही जाड थापू नये. पातळ थर पसरून, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावे.

भिंती

जुन्या दगडी भिंती ४५ सें.मी.च्या आसपास जाड असतात. एचओमध्ये हे ५ मि.मी. होते. एकेरी पुठ्ठ्यात ही जाडी येत नाही आणि म्हणूनच एकेरी पुठ्ठ्याची खिडकी कागदाला भोक पाडल्यासारखी दिसते. त्यासाठी भिंत दोन थरांची करावी. बाहेरचा थर दर्शनी, त्यावर दगड कोरायचे. आतला थर आधाराचा.

कोपऱ्यांत हे थर एकमेकांत अडकतील अशा मापाने कापावेत. समोरची आणि मागची भिंत बाहेरच्या थरात पूर्ण १३८ मि.मी. ठेवावी. बाजूच्या भिंतींचा बाहेरचा थर त्या दोघींच्या मध्ये बसतो, म्हणून ६९ मधून दोन पुठ्ठ्यांची जाडी वजा करून तो ६५ मि.मी. घ्यावा. समोरच्या आणि मागच्या भिंतींचा आतला थर १३४ मि.मी. आणि बाजूच्यांचा ६१ मि.मी. होतो. आतला थर बाहेरच्या थरामागे बरोबर मध्यावर चिकटवला की कोपऱ्यांत पायरीसारखी खाच तयार होते आणि भिंती जोडताना आपोआप काटकोनात बसतात. आपला पुठ्ठा मोजून घ्यावा. दुकानदार २ मि.मी. म्हणतो तो कधी १.७ निघतो, आणि मग ही सारी वजाबाकी पुन्हा करावी लागते.

खिडक्यांची भोके भिंती जोडण्यापूर्वी, पुठ्ठा सपाट असतानाच कापावीत. १ मीटर रुंद आणि १.३५ मीटर उंच खिडकीसाठी बाहेरच्या थरात ११.५ × १५.५ मि.मी.चे भोक पाडावे. आतल्या थरातले भोक मात्र चारही बाजूंनी ३ मि.मी. मोठे असावे, म्हणजे खिडकीची चौकट आणि काच त्या खोबणीत बसते आणि ती दर्शनी भिंतीपासून २ मि.मी. मागे जाते. खऱ्या मापात हे १७ सें.मी. होते. ही एवढीशी खोली सारा फरक पाडते. दिव्याचा प्रकाश बाजूने टाकला की वरच्या कडेची बारीक सावली काचेवर पडते आणि भिंत दगडाची वाटू लागते. भोक एका दमात कापण्याचा प्रयत्न करू नये. आधी चारही कोपऱ्यांत पात्याचे टोक रोवावे, मग हलक्या हाताने चार-पाच वेळा तीच रेघ गिरवावी.

दगड कोरण्यासाठी शाई संपलेले बॉलपेन उत्तम चालते. बाहेरच्या थरावर आधी दर ३ ते ३.५ मि.मी. अंतरावर आडव्या रेघा दाबून ओढाव्यात. खऱ्या मापात हे २५ ते ३० सें.मी. उंचीचे थर झाले. मग उभ्या रेघा पाडाव्यात आणि त्या पाडताना सांधेमोड पाळावी, म्हणजे वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. गवंडी भिंत भक्कम व्हावी म्हणून हे करतात. आपण केले नाही तर जाणकाराची नजर तेथेच अडकते. दगडांची रुंदी थोडी कमी-जास्त ठेवावी. कोपऱ्यातले दगड मात्र मोठे आणि घडीव असतात आणि एका थरात त्यांची लांब बाजू समोर, तर पुढच्या थरात बाजूच्या भिंतीवर येते. भिंती जोडल्यानंतर कोपऱ्यातल्या सांध्यावरून ही रेघ वळवून न्यावी आणि पुठ्ठ्याची दिसणारी कड पॉलिश पेपरने घासून मोडावी. दारा-खिडक्यांवर उभ्या दगडांची चपटी कमान काढली तर भिंतीला लगेच रूप येते.

दारे आणि खिडक्या

नव्या शर्टाच्या खोक्यावर येते ती पारदर्शक शीट काचेसाठी पुरेशी असते. खिडकीचे गज करण्यासाठी तार किंवा धागा वापरण्याची गरज नाही. शीटवर कटरच्या टोकाने १.२ मि.मी. अंतरावर उभे ओरखडे काढावेत, त्यावर गडद हिरवा किंवा काळा रंग लावावा आणि तो ओला असतानाच बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने पुसून घ्यावा. रंग ओरखड्यांत राहतो, बाकीची काच स्वच्छ होते आणि मिळणारे गज कोणत्याही ब्रशने काढता येणार नाहीत इतके सरळ व बारीक असतात. त्याच शीटच्या बाहेरच्या बाजूला पातळ कार्डशीटची चौकट चिकटवावी. दारांसाठी कार्डशीटवर फळ्यांच्या उभ्या रेघा दाबाव्यात. एखादे दार अर्धवट उघडे ठेवले तर आत काहीतरी चालले आहे असा भास होतो. तिकीट खिडकी विसरू नये. ती लहान, कमरेच्या उंचीवर आणि बहुधा गावाच्या बाजूला असते.

छप्पर

मंगलोरी कौलांचा कारखाना बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या असंख्य घरांवर, शाळांवर आणि स्थानकांवर ती चढली. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. एकमेकांवर चढवून झाल्यावर एका कौलाचा दिसणारा भाग सुमारे ३२ × २१ सें.मी. असतो. एचओमध्ये तो ३.७ × २.४ मि.मी. होतो. म्हणजे आपल्या ४८ × १४९ मि.मी.च्या पाख्यावर कौलांच्या १३ रांगा आणि प्रत्येक रांगेत ६२ कौले, एकूण आठशेवर. एकेक कौल कापण्याचा वेडेपणा करू नये.

आधी माउंट बोर्डाचे दोन पाखे कापून, त्यांच्या आढ्याकडच्या कडा ३० अंशांत तासून, आतून दोन-तीन त्रिकोणी आधार देऊन छप्पर स्वतंत्रपणे जोडावे. ते भिंतींना चिकटवू नये, नुसते वर बसेल असे ठेवावे. पुढे दिवे बसवताना आणि दुरुस्ती करताना याचे मोल कळते. मग कार्डशीटवर दर २.४ मि.मी. अंतरावर बॉलपेनने उभ्या रेघा दाबून घ्याव्यात आणि त्या शीटच्या ५ मि.मी. रुंद आडव्या पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला, रेघा जेथे येतात तेथे, कात्रीच्या टोकाने अगदी छोटी खाच द्यावी. पाख्यावर पेन्सिलने ३.७ मि.मी. अंतराच्या आडव्या रेषा आखून पहिली पट्टी वळचणीला लावावी, दुसरी तिच्यावर चढवावी, आणि असे करत आढ्यापर्यंत जावे. पट्टीवर पट्टी चढल्यामुळे प्रत्येक रांगेच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची जाडी उठून दिसते आणि तीच कौलांची सावली होते. आढ्यावर ४ मि.मी. रुंदीची, मधोमध मोडलेली पट्टी लहान-लहान तुकड्यांत बसवावी. एक-दोन ठिकाणी एका कौलाएवढा तुकडा कापून काढून तेथे पारदर्शक शीट लावली, तर खोलीत उजेड यावा म्हणून बसवतात ते काचेचे कौल होते. हा तपशील सोपा आहे आणि अस्सल आपल्याकडचा आहे.

फलाटाकडच्या पडवीला कौले घालू नयेत. तिचा उतार कमी असतो, कमी उतारावर कौले गळतात, म्हणून अशा पडव्यांवर पत्रा दिसतो. पडवीची खोली २.४ मीटर, म्हणजे २७.६ मि.मी. धरावी. पत्र्याची वरची कड मुख्य वळचणीच्या खाली, जमिनीपासून ३५.६ मि.मी.वर भिंतीला टेकते आणि खालची कड खांबांवर २८.७ मि.मी.वर येते. पन्हळी पत्र्याच्या दोन पन्हळींतले खरे अंतर ७६ मि.मी. असते, म्हणजे एचओमध्ये ०.९ मि.मी.पेक्षाही थोडे कमी. ५ मि.मी. जाडीच्या साध्या बोल्टचे आटे ०.८ मि.मी. अंतरावर असतात, हा योगायोग कामी येतो. हॉटेलातून पार्सल येते त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा सपाट भाग कापून कटिंग मॅटवर ठेवावा आणि त्यावरून लांब बोल्ट दाबून लाटावा. त्यावर अगदी पत्र्यासारख्या पन्हळी उमटतात. आट्यांच्या तिरकसपणामुळे रेघा किंचित तिरप्या येतात, म्हणून तुकडे लाटल्यानंतर रेघांना समांतर कापावेत, आधी नव्हे. एक मीटर रुंदीच्या पत्र्याप्रमाणे साडेअकरा मि.मी.चे तुकडे एकावर एक थोडे चढवून लावावेत. खांबांसाठी बांबूच्या काड्या तासून घ्याव्यात.

रंग

आपला काळा दगड प्रत्यक्षात काळा नसतो; उन्हात तो निळसर करडा आणि पावसात गडद दिसतो. सबंध भिंतीला मध्यम करडा रंग द्यावा, वाळल्यावर काही सुटे दगड थोड्या निळसर आणि काही थोड्या तपकिरी छटेने रंगवावेत. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्याने किंवा सिमेंटने भरलेल्या असतात, म्हणून फिकट करडा रंग भरपूर पाणी घालून भिंतीवर सोडावा. तो रेघांत उतरतो, आणि दगडांच्या माथ्यावरचा रंग लगेच पुसून घ्यावा. कोरड्या ब्रशवर अगदी थोडा फिकट रंग घेऊन भिंतीवरून हलकेच फिरवला की दगडांच्या कडा उठून येतात. चमक कोठेही नको. सर्वांत शेवटी मॅट वार्निश द्यावे.

कौले एकसारखी लाल रंगवणे हा नवशिक्यांचा आवडता उद्योग आहे. जुने छप्पर काळपट तपकिरी असते, सावलीच्या बाजूला शेवाळाने हिरवट झालेले असते, आणि त्यात मध्येच नव्याने बदललेली दोन-चार कौले भडक केशरी दिसतात. जोत्यालगत पावसाचे पाणी उडून मातीचे डाग पडतात; तेथे तांबूस रंगाचा एक पातळ हात द्यावा, पण तो गुडघाभर उंचीच्या, म्हणजे मॉडेलमधल्या पाच-सहा मि.मी.च्या वर जाऊ देऊ नये.

फलाट आणि नावाची पाटी

भारतीय ब्रॉडगेजवरचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मि.मी. उंच असतो, एचओमध्ये हे ८.७ ते ९.७ मि.मी. होते. ही उंची रुळाच्या माथ्यापासून मोजायची, लेआउटच्या फळीपासून नव्हे. रूळ, स्लीपर आणि त्यांच्याखालचा कॉर्क यांची उंची त्यात मिळवावी लागते. छोट्या स्थानकावर बुटका फलाट अधिक शोभतो. तो ४५५ मि.मी.पर्यंत, म्हणजे साधारण ५ मि.मी. ठेवता येतो, आणि स्थानकाची जमीन त्याच्या किंचित वर घ्यावी. फलाटाची टोके सरळ कापू नयेत; त्यांना एकास सहा या प्रमाणात उतार द्यावा.

प्रत्यक्षात उंच फलाटाची कड रुळांच्या मध्यापासून १६८० मि.मी.च्या आसपास असते, म्हणजे मॉडेलमध्ये १९.३ मि.मी. डब्याची निम्मी रुंदी १८.७ मि.मी. भरते, तेव्हा मधे अर्धा-पाऊण मिलिमीटरच उरतो. नवख्याने तेवढ्यात बसवण्याचा हट्ट धरू नये. कड २१ मि.मी.वर ठेवावी आणि चिकटवण्यापूर्वी आपल्याकडची सगळी गाडी दोन्ही दिशांनी चालवून पाहावी.

स्थानकाच्या नावाची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरे. महाराष्ट्रात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन नावे आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. ती संगणकावर मापात करून फोटो पेपरवर छापावी. खऱ्या पाटीवरचे ३० सें.मी.चे अक्षर येथे ३.४ मि.मी. होते, त्यामुळे हाताने लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. गावाचे नाव काल्पनिक असेल तर उंचीचा आकडा तरी लेआउटच्या परिसराशी जुळणारा घ्यावा. घाटमाथ्यावरच्या स्थानकाला १२ मीटर उंची लिहिलेली कोणी ना कोणी पकडतोच.

दिवे आणि बसवणी

दिवे लावायचे असतील तर भिंती आतून आधी काळ्या रंगवाव्यात, नाहीतर उजेड पुठ्ठ्यातून आणि कोपऱ्यांच्या फटींतून झिरपतो आणि इमारत आकाशकंदिलासारखी दिसते. पिवळसर प्रकाशाचा ३ मि.मी.चा एक एलईडी एका खोलीला पुरतो. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्याबरोबर १ किलोओहमचा रेझिस्टर जोडला की सुमारे ९ मिलिअँपियर वीज जाते आणि प्रकाश सौम्य राहतो. सर्व खोल्यांत दिवा लावू नये. रात्री अशा स्थानकात स्टेशन मास्तरांची खोली आणि पडवीतला एखादा दिवा एवढेच चालू असतात.

इमारत लेआउटला कायमची चिकटवू नये. जोत्याच्या मापाची खोलगट जागा करून त्यात ती बसवावी, तारांना मधे साधा जोड द्यावा आणि भोवतालची फट मातीने बुजवावी. इमारत जमिनीवर नुसती ठेवलेली दिसली, तिच्याखाली फटीची काळी रेघ राहिली, तर आधीची सारी मेहनत वाया जाते. खरी माती चहाच्या गाळणीतून चाळून, पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने बसवता येते, पण एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या मातीत आणि कोकणातल्या काही किनाऱ्यांच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे लोहयुक्त कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जातात. माती कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवावा. त्याला काही चिकटेनासे झाल्यावरच ती लेआउटवर घालावी.